बर्फ चौदा इंच

१४ डिसेंबर, सकाळ
हॅम रनसाठी, म्हणजे हॅमचं बक्षीस असलेल्या गावच्या नवीन वर्षाच्या शर्यतीसाठी, माझ्या हातांनी बनवून झालेल्या वस्तू:
धावायचे बूट. तळव्यांत पत्र्याचे स्क्रू बसवले आहेत, डोकी बाहेर. दुकानात असले बूट मिळतात, मी पाहिलेत. हसू आलं.
बर्फात रोवायच्या दोन खुंट्या. झाडूच्या दांड्याच्या, टोकाला खिळे, दोरीने गळ्यात. बर्फ फुटून माणूस आत गेला तर या रोवून स्वतःला वर ओढतो.
तरंगणारं जाकीट. आत पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या फोमच्या नळ्या, बाहेरून केशरी ताडपत्री. शिवण दुहेरी.
आमच्या कुत्र्याचा, वॉफलचा, छातीपट्टा आणि माझा कमरपट्टा. दोन्ही जुन्या ट्रकच्या सीटबेल्टचे. मधे बारा फूट दोर.
त्या ट्रकबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

हे सगळं कोणाकडे शिकलो नाही. वाचून, बघून, स्वतःचं डोकं चालवून.

कारण: मुलीचा, टिल्डाचा, फोन. नाताळला येतेय. एक तारखेला हॅम रन धावूनच परत जाणार, आणि फेब्रुवारीत नोकरीसाठी कायमची अ‍ॅरिझोनाला. तिकडे बर्फ फक्त ग्लासात. म्हणाली, डॅड, या वेळी तू माझ्याबरोबर बेटापर्यंत येणार. गुडघा, पाठ, पाइप फुटला, काहीएक ऐकणार नाही. ती सात वर्षांची होती तेव्हापासून दर नवीन वर्षी आम्ही दोघं गोठलेलं तळं धावत ओलांडून बेटावरची घंटा वाजवायचो. गेली चार वर्षं ती एकटीच वाजवते.

अर्थातच येणार, म्हटलं. न यायला काय झालं? गेल्या चार वर्षांचे सगळे योगायोग होते. पाइप खरंच फुटला होता.

१५ डिसेंबर
बर्फाची जाडी मोजली. हातड्रिलने, स्वतः. लाकडी धक्क्यावर पालथा पडून, हात लांब करून. आठ इंच. माणसाला चार पुरतात.

तेवढ्यात हार्लन बर्फावरून चालत गेला. गळ, आमिषं आणि किरकोळ सामानाचं दुकान त्याचं, हॅम रनही तोच भरवतो. म्हणाला, वर्नर, खाली उतर की, इथूनही भोक पडतं. मी सांगितलं, काठाजवळचं माप जास्त महत्त्वाचं असतं. हे शास्त्रीय आहे. बर्फ नेहमी काठाशीच दगा देतो.

हार्लन म्हणाला, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार!

मी ड्रिल फिरवत राहिलो. मोजमाप चालू होतं.

१७ डिसेंबर
दुकानात स्क्रू आणायला गेलो तर हार्लन एका पाहुण्या गिऱ्हाइकाला माझ्या ट्रकची गोष्ट सांगत होता. चार वर्षांपूर्वीचा मार्च, काठापासून वीस फुटांवर बर्फ फुटून पुढची चाकं आत, आणि मी टपावर उभा राहून मदतीला हाका मारतोय. पाणी गुडघ्याइतकं होतं म्हणे.

मांडीइतकं होतं. मी मापात चुकत नाही.

शिवाय पाणी किती खोल हा मुद्दाच नाही. आधी काय होतं ते कोणी सांगत नाही. आधी एक आवाज होतो. आणि मग खाली जे घट्ट असतं ते नसतं.

स्क्रू घेतले. उद्यापासून रोज सकाळी दोन मैल पळायचं.

१८ डिसेंबर
गाडीतून रस्ता पाहून आलो. पळायला उत्तम आहे.

१९ डिसेंबर, संध्याकाळ
आज तळं वाजलं. पारा भराभर उतरला की बर्फ फुगतो, ताणतो आणि आतून वाजतो. तळघरातलं लोखंडी दार कोणी धाडकन ओढून घ्यावं तसा आवाज, आणि मग तो आवाज लांबवर पळत जातो. वाजणारं तळं म्हणजे घट्ट होणारं तळं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घाबरण्यासारखं त्यात काहीही नाही. हे सगळं मी बायकोला, मारलीसला, समजावून सांगितलं.

मारलीस म्हणाली, वर्नर, माझा जन्म इथलाच. पण तू टेबल कशाला घट्ट धरलंयस?

टेबल डुगडुगत होतं. पायाखाली पत्रा घातला. आता डुगडुगत नाही.

२१ डिसेंबर
मोठी कल्पना. बर्फाने दगा दिलाच तर ताबडतोब पालथं पडायचं, हातपाय पसरून, म्हणजे वजन वाटलं जातं. हे पुस्तकात आहे. पण पुढे काय, ते पुस्तकात नाही. पुढचं माझं: मी पालथा पडलो की वॉफलने तोंड फिरवून मला थेट धक्क्याकडे ओढायचं. धक्क्यावर मारलीस, हातात सॉसेज. याला मी स्वयंचलित सुटका म्हणतो.

परसातल्या बर्फात सराव. मी पालथा पडलो. वॉफल माझ्या डोक्यावर बसला.

पुन्हा. पुन्हा बसला.

मारलीस म्हणाली, शेजारची डोरीन खिडकीतून बघतेय. तिला वाटत असेल पट्टा मी तुला बांधलाय आणि फिरवायला कुत्र्याला दिलाय.

२३ डिसेंबर
यश! पालथा पडलो आणि वॉफलने ओढलं. नऊ वर्षांचा, जनावरांच्या डॉक्टरांच्या मते लठ्ठ, पण सॉसेज म्हटलं की ट्रॅक्टर. दिवसभरात एकदाही चुकला नाही. आता नुसतं वाकलो तरी धक्क्याकडे बघतो. बुटाची नाडी बांधायला वाकलो तेव्हाही ओढलं. पंचाईत झाली, पण तत्त्व सिद्ध झालं.

मारलीसने विचारलं, त्याला थांब म्हटलेलं कळतं का? मी सांगितलं, सुटका होत असताना कोण थांब म्हणेल?

तिने असंही सुचवलं, की दोराला खटक्याने सुटणारी कडी बसव. तसली कडी आपल्या गाठीवर विश्वास नसलेल्यांसाठी असते. माझ्या गाठी सुटत नाहीत.

२५ डिसेंबर
टिल्डा आली. जाकीट दाखवलं. तिने ते सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं. मग म्हणाली, डॅड, हे तू घालणार की हे तुला घालणार?

थट्टेची सवय आईकडून आली आहे.

जेवणानंतर विचारत होती, नक्की ना? नक्की म्हटलं. तिने माझा हात दाबला. लहानपणी बेट जवळ आलं की दाबायची तसा.

सकाळी पळायला जायचं ठरलं होतं. सण होता.

२६ डिसेंबर
टिल्डाबरोबर रस्त्याने सराव. ती बोलत बोलत पळते. मी न बोलता पळतो, श्वास मोजून. चर्चपर्यंत गेलो. परतताना चाललो. ती अचानक म्हणाली, डॅड, तू घाबरतोस का?

मी सांगितलं, तांत्रिक शंका वेगळी आणि भीती वेगळी.

ती म्हणाली, बरं, मग ही तांत्रिक शंका तुला रोज पहाटे स्वयंपाकघरात का आणून बसवते? मॉम सांगत होती.

या घरात काही खाजगी राहत नाही. पहाटे मी पारा बघायला उठतो. पारा खाली गेला की बर्फ वाढतो. पारा वर गेला की वाढत नाही. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. सगळं गाव त्या बर्फावर कुत्री आणि पोरं घेऊन पळणार आणि मोजतोय मी एकटा.

२८ डिसेंबर
हार्लनला रीतसर सुचवलं, की या वर्षी हॅम रन तळ्याला वळसा घालून रस्त्याने घ्यावी. तेवढाच बदल. त्याने विचारलं, वळसा किती मैलांचा? नऊ, म्हटलं. तो म्हणाला, वर्नर, निम्मी जनता आजीबाई आहे आणि उरलेली निम्मी बुटके डॅक्सहुंड कुत्रे.

त्याला दूरदृष्टी नाही.

२९ डिसेंबर
गुडघा दुखतोय. जपायला हवं. न्याहारीला लंगडत आलो.

३० डिसेंबर
गुडघा अजून तसाच. मारलीस अंडी परतता परतता म्हणाली, काल डावा होता.

दुखणं सरकू शकतं. तिला शरीररचना माहीत नाही. टिल्डा कपबश्या विसळत राहिली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही गुडघे ठीक झाले.

३१ डिसेंबर, संध्याकाळ
शेवटचं मोजमाप. धक्क्यावरून. चौदा इंच.

चौदा इंच म्हणजे भरपूर. हार्लन दुपारी झेंडे रोवायला पिकअप घेऊन थेट बेटापर्यंत जाऊन आला. टिल्डा म्हणाली, बघ, पिकअप गेली. बघितलं. पिकअप जातेच. जाते, जाते, आणि मग जात नाही.

जाकीट खुर्चीवर घालून ठेवलंय. दाराकडून बघितलं तर कोणी बसल्यासारखं वाटतं. माझ्यापेक्षा निवांत बसलंय.

तळं दोनदा वाजलं. मारलीसने आपणहून टेबलावर हात ठेवला, माझ्या हाताशेजारी.

नवीन वर्षाचा संकल्प: बेट. घंटा. परत.

१ जानेवारी, दुपार
जे घडलं ते क्रमाने आणि अचूक लिहितो, कारण गावात चुकीचं सांगितलं जाईल.

उणे बावीस. बाया, बाप्ये, पोरं, कुत्री, सगळे धक्क्यापाशी, रिवाजाप्रमाणे सोंगं घेऊन. कोणी शेंदरी दाढी लावलेली, डोरीनच्या डोक्यावर हरणाची शिंगं, तिच्या डॅक्सहुंडलाही. मी बर्फावर पाय ठेवला. चार वर्षांनी. स्क्रूंनी उत्तम पकड घेतली. तोंड कोरडं पडलं होतं, पण ते थंडीने पडतं.

शिट्टी झाली. वॉफल पुढे, मी मागे, टिल्डा माझ्या डावीकडे. मी खाली बघत होतो. टिल्डा म्हणाली, खाली नको बघू, बेटाकडे बघ. बेटाकडे बघितलं. हार्लनची बर्फावर मांडलेली मासे धरायची झोपडी मागे गेली. मी पळत होतो. खरंच पळत होतो. बेटावरची घंटा दिसायला लागली. टिल्डा हसली आणि मलाही काहीतरी म्हणावंसं वाटलं, तोंड उघडलं, आणि तळं वाजलं.

आमच्या खालून. आवाज बेटाकडून आला आणि पायांखालून काठाकडे गेला.

सगळ्यांनी जोरात आरोळी ठोकली. तळं वाजलं की ठोकतात, रीत आहे. मी तोवर पालथा पडलो होतो. पडायचं असं ठरवल्याचं मला आठवत नाही.

यानंतर स्वयंचलित सुटका निर्दोष चालली. वॉफलने तोंड फिरवलं आणि सुटला. ताडपत्री बर्फावर इतकी घसरते हे मला माहीत नव्हतं, नोंद घेतली आहे. समोरून धावत येणारे दोन्ही बाजूंना झाले. मी थांब म्हटलं, बरेचदा म्हटलं. खुंट्या रोवून बघितल्या, तर बर्फावर दोन लांब रेघा उमटल्या, वेग तोच. गाठ सोडून बघितली. माझ्या गाठी सुटत नाहीत. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं कार्यक्रमच आहे. डोरीनच्या हरणाने माझ्या कानाशी भुंकून घेतलं.

धक्क्यापाशी मारलीस उभी, पण हातात सॉसेज नाही. वॉफल तिच्यावर इतका भुंकला की तिने त्याला हातमोजा दिला.

मग टिल्डा आली. मागे फिरून तेवढं अंतर पळत आली होती. ती चार पावलं पुढे गेली होती, आवाज ऐकून वळली तेव्हा मी खाली जाताना दिसलो, पुढचं गर्दीत दिसलं नाही. बर्फ फुटला असं तिला वाटलं. गुडघ्यांवर बसली आणि मला दोन्ही मुठींनी मारायला लागली. फोममुळे लागलं नाही. तिचं तोंड पांढरंफटक होतं. मी सांगितलं, बर्फ चौदा इंच आहे, त्याला काही होत नाही. ती म्हणाली, मग तुला काय होतं, डॅड?

मी वॉफलच्या तोंडातून हातमोजा सोडवायला घेतला.

ती पुन्हा बेटाकडे गेली नाही. घंटा आमच्यापैकी कोणीच वाजवली नाही. असं पहिल्यांदाच झालं.

जाता जाता नोंद: मला उत्कृष्ट वेषभूषेचं पहिलं बक्षीस मिळालं. एक हॅम. चिठ्ठीवर वेषभूषेचं नाव लॉब्स्टर असं लिहिलंय.

ते जाकीट आहे.

२ जानेवारी, सकाळ
टिल्डाची बॅग दाराशी होती. नऊला निघणार होती. ती बूट घालून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, जाकीट घाल. कुत्रा घरी.

मी सांगितलं, कुत्र्याशिवाय ही पद्धत अपुरी आहे.

ती म्हणाली, मी आहे ना. आणि वॉफलचा छातीपट्टा घेऊन स्वतःच्या कमरेला बांधला. गाठ चुकीची होती. मी पुन्हा मारून दिली. वॉफल खिडकीतून बघत होता, दुखावल्यासारखा.

गेलो. बेटापर्यंत नाही. हार्लनच्या झोपडीपर्यंत. दोर आमच्या दोघांमधे सैल होता, तिने तो ओढला नाही. झोपडीशी मी थांबलो. तिथे मी तिला एक तांत्रिक गोष्ट सांगितली. चार वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. ती म्हणाली, माहीत आहे, डॅड.

मग तळं वाजलं, खालूनच. मी पालथा पडलो नाही. हार्लनची बादली उपडी होती, तिच्यावर बसलो. दोर हातात घट्ट होता, पण बसलो. टिल्डाने एकटीने आरोळी ठोकली. मीही ठोकली. फार मोठी आली नाही, सकाळी माझा घसा बसलेला असतो.

आवाज ऐकून हार्लनने झोपडीचं दार उघडलं. मला बर्फावर बसलेला बघून त्याच्या हातातली कॉफी सांडली. मग म्हणाला, बरा भेटलास, कमिटीने तुझ्यासाठी प्रस्ताव ठरवलाय. पुढच्या वर्षी पोरांच्या शर्यतीआधी कालचाच खेळ पुन्हा करायचा, जाकीट, कुत्रा, पालथं पडणं, सगळं. पोरं कालपासून तेच करतायत.

टिल्डा कमरेचा दोर धरून माझ्याकडे बघत होती.

मी सांगितलं, जमणार नाही. त्या वेळी मी बेटावर असेन.

पंच्याहत्तर डॉलर देत होता. वॉफलचं सॉसेज वेगळं.