बासष्टाव्या ओळीतले मामा

तीर्थरूप मामा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या तब्येतीची चौकशी मी दर पत्रात करतो. या खेपेला ती सरकारी कामासाठी आहे असं मनात आणू नका. (थोडी आहे. पुढे येईलच.)

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी मी साडेनऊला कार्यालयात पोचलो, टेबल पुसलं, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि पावणेअकराच्या आत एकसष्ट निवृत्त न्यायाधीशांच्या मृत्यूची वर्षं लिहून मोकळा झालो. मग चहा प्यायलो. चहा चांगला लागला, हे आता आठवलं की लाज वाटते.

त्याचं असं झालं. न्यायाधीशांच्या पेन्शनचा कायदा बदलायचं घाटतंय, हे तुम्ही वाचलं असेलच. पेन्शनीत दरवर्षी शेकडा पाच वाढ, आणि न्यायाधीश गेल्यावर मागे राहणाऱ्या जोडीदाराला आज निम्मी मिळते ती दोन तृतीयांश. बदल चांगला आहे. पण कुठलाही चांगला बदल सरकारला केवढ्याला पडेल, हे सांगणारा एक कागद आधी लागतो आणि तो आमच्या खोलीत तयार होतो. खोलीत मी, आमच्या साहेबबाई आणि माणसं सोडून फक्त फायलींना वारा घालणारा एक पंखा. काम सरळ आहे. एका न्यायाधीशाला एक ओळ, तिच्याखाली जोडीदाराची एक ओळ. जन्मतारीख, निवृत्तीची तारीख, पेन्शन आणि शेवटच्या रकान्यात 'अखेरचं वर्ष', म्हणजे माणूस वयाच्या कितव्या वर्षी जाणार ते. हे वर्ष आयुर्मानाच्या छापील तक्त्यातून घ्यायचं. तक्ता कुणाला ओळखत नाही. वय विचारतो आणि उरलेली वर्षं सांगतो, शिंप्याने कापड किती लागेल ते सांगावं तसा.

बासष्टावी ओळ तुमची होती.

मामा, मी तक्त्यावर बोट ठेवलं. वय चौऱ्याहत्तर, पुरुष. बोट उजवीकडे सरकवलं, आकडा दिसला आणि हात उचलेना. तुमच्या घरी राहून मी कॉलेज केलं. तुमच्या जुन्या कोटाला अस्तर लावून नोकरीच्या मुलाखतीला गेलो. आणि आता तुमचं उरलेलं आयुष्य मी दोन बोटांनी टंकायचं? ते ज्याचं काम आहे तो वर बसलाय, आणि त्याने अजून ते माझ्याकडे सोपवलेलं नाही. आमच्या गावच्या शाळेत मास्तरांचा एक दंडक होता. उत्तर ठाऊक नसेल तर जागा कोरी सोड, ठोकून देऊ नकोस. (त्यांचे विद्यार्थी नापास पुष्कळ झाले, पण खोटं लिहून कुणी झाला नाही.) मी त्यांचं स्मरण केलं आणि रकाना कोरा सोडला.

हिशेब करणाऱ्या मशीनला आमचे मास्तर माहीत नव्हते. कोरा रकाना दिसला की ते कोष्टकाच्या शेवटच्या वर्षापर्यंत मोजत जातं, आणि कोष्टक आहे ऐंशी वर्षांचं. त्यामुळे सरकारी हिशेबात तुम्ही एकशे चोपन्न वर्षं जगता. जगा, माझी काही तक्रार नाही. पण दरवर्षी शेकडा पाच वाढ, तीही वाढीवर वाढ, ऐंशी वर्षं! शेवटच्या वर्षी तुम्ही आजच्या जवळजवळ पन्नासपट पेन्शन उचलता. एकूण बेरीज अशी येते की बाकीच्या एकसष्ट जणांवर मिळून जेवढा खर्च, तेवढाच एकट्या तुमच्यावर. तुम्ही उभ्या आयुष्यात रिक्षासुद्धा दोघांत मिळून केलीत, आणि इथे अर्धा खजिना खाऊन बसलात.

तो कागद समितीपुढे गेला. एक सभासद म्हणे हे न्यायाधीश आहेत की संस्थानिक, आणि प्रस्ताव पुढच्या वर्षावर ढकलायचं जवळजवळ ठरलं. बाई मात्र मुरलेल्या. त्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली आणि परत येऊन कागद माझ्यापुढे ठेवला.

"सूज आहे कुठेतरी. न्यायाधीश इतके महाग नसतात. शोधा."

मी म्हटलं, बघतो. खरं तर मला बघायचं काहीच नव्हतं. सूज कुठे आहे, तिचा गुडघा कुठला दुखतो, तिला चहात साखर किती लागते, सगळं ठाऊक होतं.

घरी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. भाजीवरची नजर न काढता म्हणाली, "एकसष्ट जणांना मारताना हात नाही थरथरला तो तुमचा?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मामा मरतच नाहीत म्हटल्यावर मामींना काय मिळणार? भोपळा?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. तुमच्या खालची मामींची ओळ शून्यांनी भरली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भक्तीच्या भरात मी तुम्हाला अमर केलं आणि मामींना वाऱ्यावर सोडलं. शिवाय एकसष्ट घरची माणसं माझ्या एका कोऱ्या रकान्यापायी वर्षभर ताटकळणार, ती वेगळीच. त्यांतली काही वर्षभर थांबण्याच्या वयाची नाहीत. हे मी तक्त्यावरून सांगतो.

दुसरी अडचण याहून अवघड. आकडा भरायचा तर आधी तो कोरा का राहिला हे बाईंना सांगावं लागेल, म्हणजे बासष्ट नंबर माझे सख्खे मामा हेही आलंच. ते मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही एकदा एका चपलांच्या दुकानदाराचा खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे पाठवला होता. का, तर तुमच्या पायात त्याच्या दुकानातल्या चपला होत्या आणि त्या चावत होत्या, त्यामुळे मन स्वच्छ राहणार नाही. अशा माणसाचा भाचा मी, आणि महिनाभर गप्प बसलोय. या नोकरीत माझ्या नावाला एकच गोष्ट चिकटलेली आहे, की हा लपवत नाही. बाईंनी फाइल काढून घेतली तर घेऊ देत. पण त्यांनी माझ्याकडे नुसतं एकदा बघितलं तरी तेवढी शिक्षा मला पुरे होईल.

म्हणून विचारतो. तक्ता तुम्हाला शहाऐंशी देतो. तो आकडा लिहायची मला परवानगी द्यावी. तुमची ना असेल तर तसं कळवा. तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही.

मामींना साष्टांग नमस्कार. (पत्र त्यांना वाचून दाखवू नये.)

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. १ – पत्र लिहिण्याचं खरं निमित्त राहूनच गेलं. तुमचा यंदाचा हयातीचा दाखला आलेला नाही. शेजारच्या खोलीने दोन स्मरणपत्रं पाठवली म्हणतात. दाखला नाही म्हणजे त्यांच्या लेखी तुम्ही पहिल्या तारखेपासून हयात नाही आणि पेन्शन थांबणार. आमच्या खोलीत एकशे चोपन्न आणि भिंतीपलीकडे कैलासवासी, असं फार दिवस चालू देणं बरं नाही. बँकेत जाऊन सही करून या. गुडघा दुखत असेल तर रिक्षा करा, एकट्याने.

ता. क. २ – पाकीट चिकटवताना ध्यानात आलं की आज बुधवार, हे पत्र तुम्हाला सोमवारी मिळेल आणि मुदत शुक्रवारची आहे. म्हणजे परवानगी मी अशी मागितली, की ती वेळेत येऊच नये. हे मला आधी कळलं नव्हतं असं लिहिणार होतो, पण तुम्ही उलटतपासणी घ्याल.

ता. क. ३ – शुक्रवार, सकाळ. पाकीट पुन्हा उघडलं आहे. बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "मग बसा. मी शेजारी उभी राहते. तुम्ही भरा, मी सही करते." देवाचं नाव घेतलं आणि शहाऐंशी भरले. सूज त्याच क्षणी उतरली. मामींच्या ओळीत पहिल्या बारा वर्षांपुढची शून्यं गेली आणि तिथे आठ वर्षांचे आकडे उभे राहिले, तुम्ही नसलेल्या वर्षांचे. मी ते दोनदा तपासले. आकडे बरोबर आहेत. कागद अकरा वाजता समितीकडे गेला.