शेवटच्या न्हाणाला तेल नको

नाही चंद्रकांता, तेल लावायचं नाही म्हणजे नाही. थेंबभरसुद्धा नाही. आणि मध्ये बोलू नकोस. हे मृत्युपत्र आहे, यात फक्त मरणारी बोलते.

तर मी, पुष्पलता धर्माजी तांडेल, राहणार मुरबे, तालुका व जिल्हा पालघर, पूर्ण शुद्धीत, ठणठणीत तब्येतीत, कुणाच्या दडपणाखाली न येता आणि आजच केस धुतलेले असताना हे लिहून देते. मृत्युपत्र दिवसकार्य उरकल्यावर उघडतात, असं माझी वकील भाची दिशा म्हणाली. तोवर मी तेलाने थबथबून जळूनही गेलेली असेन. म्हणून आजच, अंगणात, सगळ्यांसमोर वाचते आहे.

कलम एक. घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा मेहुल आणि सून हिमानी यांना निम्मं निम्मं. मेहुल, तोंड वाकडं करू नकोस. तुझ्या बायकोने मला काय दिलं ते पुढे येतंय.

कलम दोन. बोट आमच्या यांची आहे, तिच्याबद्दल मी बोलत नाही. माझी विळी आणि बाजारातली बसायची जागा ज्याला पहाटे उठायची हौस असेल त्याने घ्यावी.

कलम तीन, केस. माझ्या केसांची तार जन्मापासून बारीक. माझी नणंद चंद्रकांता हिचे केस म्हणजे बोटीच्या नांगराचा दोर. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हिने मला पुढ्यात बसवून वाटीवाटीने तेल जिरवलं. प्रेमाने, हे मान्य. केस काही जाड झाले नाहीत, टाळू तेवढी दिसायला लागली. मेहुलच्या हळदीला माझ्या अंबाड्यावरची फुलांची वेणी सटकली ती थेट हळदीच्या ताटात. तेव्हा ही सगळ्या बायकांसमोर म्हणाली, “वयनी, अंबाडा हाय का लिंबू?” मी विसरलेले नाही. इथे लिहिलं, म्हणजे आता तूही विसरणार नाहीस.

मग मी कंडिशनरच्या मागे लागले. पहिला आणला आणि सवयीने तेलासारखा टाळूला चोळून तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी बाजारात गिऱ्हाईक विचारतंय, “मावशी, पावसात भिजलात?” मार्च महिना होता. मग पालघरहून नारळाच्या दुधाचा आणला, लोण्यासारखा घट्ट. केस ओल्या बोंबलासारखे गालाला चिकटले. तिसरा यांनी जाळ्याला लावला. जाळं मऊ झालं, म्हणे वासही छान येतो. मासे त्या वासाला आले नाहीत.

शेवटी हिमानीने बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं. ती बोईसरच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, तिला ते कळतं.

“आई, हा जाड केसांचा हाय. तुम्हाला हलका, पातळ पायजे. नि टाळूला नाय, फक्त टोकांना. मग धुऊन टाकायचा.”

“धुऊन टाकायचा तर लावायचा कशाला?”

“तुमी धुवा तर खरं. नि शेवटचं पाणी बोरिंगचं नको, नळाचं घ्या.”

धुतले. वाळले तसे केस चक्क उडायला लागले. हे ताटावरून मान वर करून म्हणाले, “कोण पावनी आलीय?” एवढ्या वर्षांच्या संसारात यांनी पहिल्यांदा जेवण सोडून माझ्याकडे पाहिलं.

सबब, कलम चार. मी सवाष्ण गेले तर माझं शेवटचं न्हाणं हिमानी घालेल. हलका कंडिशनर, टोकांना, नळाचं पाणी. चंद्रकांता म्हणेल, “आपल्यात तो नणंदेचा मान हाय.” आहे ना. म्हणून मला वेणी तूच माळ, नि माझ्या सोन्याच्या पाटल्याही तुझ्याच. अट एक. मला उचलतील तेव्हा केस फुललेले दिसले पाहिजेत. दिसले का, ते हिमानी ठरवेल. उरलेल्या घट्ट बाटल्याही तूच ने, तुझ्या दोरखंडाला चालतील.

शेवटचं कलम. हे दिशाला न विचारता माझ्या हाताने लिहिते आहे. काल मसुदा ऐकून हे म्हणाले, “नि मी आधी गेलो तं?”  मग वेणी नाही, आपल्यात विधवा माळत नाही. तर ऐका. हे आधी गेले तर मी रडेन, पोटभर रडेन. नंतर केस धुईन, अंबाडा घालीन आणि त्यावर वेणी माळून बाजारात बसेन. जिवंतपणी, रोज. माझ्या केसांचा मालक आजवर कुणी झाला नाही, पुढेही होणार नाही. ज्याला लाज वाटेल त्याने दुसरीकडे मासळी घ्यावी.

सही उभ्या उभ्या करते आहे. सातपाटीला हळद आहे, रिक्षावाला हॉर्न मारतोय.

(सही) पुष्पलता धर्माजी तांडेल

साक्षीदार: १. ॲड. दिशा मेहेर २. दर्पण पागधरे, शेजारी

लिहून देणारीने आम्हा दोघांसमोर सही केली. चंद्रकांताबाई “पण वयनी,” म्हणेपर्यंत रिक्षा वळली होती.

मुक्काम मुरबे, ९ फेब्रुवारी २०२५