माकोचं दूध

बुरओ,
९ ऑक्टोबर १९७६

प्रिय गुलेद,

सलाम. तू खुशाल असशील. आम्हीही अल्लाच्या मेहेरबानीने खाऊनपिऊन सुखी आहोत. तुझं पत्र ट्रकवाल्या सुब्गेने हातात दिलं. मोगादिशूहून यायला त्याला नऊ दिवस लागले, दोनदा टायर बसलं म्हणाला. हे उत्तरही तोच नेईल. तो परवा निघतो आहे, तेव्हा मला त्याआधी लिहून संपवायला हवं.

इकडे यंदा चारा बरा आहे. उंटिणी दुधावर आल्या आहेत, बाजारात दूध इतकं की माश्यासुद्धा कंटाळल्या. जामा काकांचे पुढचे दोन दात पडले. तरी मांस चावल्याचा आव आणतात आणि अख्खंच गिळतात. मागच्या आठवड्यात सरकारी माणूस येऊन पुन्हा तेच भाषण देऊन गेला. कुळाचं नाव काढायचं नाही, कोणाला हलकं म्हणायचं नाही, आपण सगळे साथी. सगळ्यांत जोरात टाळ्या काकांच्या. बाहेर पडल्यावर मला हळूच विचारतात, "माझ्या शेजारी बसलेला तो मिद्गान कोणाकडचा गं?"

आईचे गुडघे दुखतात. नमाज बसून पढते. एकही चुकवत नाही.

तू लिहिलंस की पुढच्या महिन्यात किन्सीशी निकाह ठरला आहे, घरून काही नको, फक्त "ताई, तू येशील का" एवढं कळव. प्रश्न साधा आहे. उत्तर लिहायला बसले त्याला आज चौथा दिवस. सरकारी वर्गात अक्षरं गिरवली तेव्हा वाटलं होतं, फार तर तुपाच्या डब्यांवर नावं घालीन. पण हे पत्र दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही. शिकले ते बरं झालं.

गेल्या वर्षी तू किन्सीसाठी काकांपुढे झाडाखाली उभा राहिलास ते मला रोज आठवतं असं म्हणणार नाही. पण आठवतं. मी चहा देत होते. तू म्हणालास, "ती नर्स आहे काका, दवाखान्यात आपल्याच बायकांना वाचवते." काका म्हणाले, "वाचवू दे की. वाचवणं वेगळं, घरात आणणं वेगळं. त्यांनी चामडं कमवावं, आपण उंट राखावेत. गबोये म्हणा की मिद्गान, त्यांची पोर आपल्यात कोणी केली आहे का आजवर?" तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं, ताई तरी आपल्या बाजूने बोलेल. आणि मी म्हणाले, "पायातली वहाण पायातच बरी."

तू चहा तसाच ठेवून गेलास.

ते माझं मत नव्हतं असं सांगून मी सुटू पाहत नाही. थोडं होतंच. शिवाय ते बोलणं सोयीचं होतं. त्याच्याआड दुसरं एक कारण झाकलं जात होतं, आणि ते आईला आणि मला दोघींनाच ठाऊक आहे. आजपर्यंत.

तू जन्मलास तो कोरडा काळ होता. आपला तळ विहिरींपासून दोन दिवसांवर होता. अब्बा उंट घेऊन दक्षिणेला गेले होते. तू तीन दिवसांचा असताना आई तापाने फणफणली, छातीत गाठ धरली, दूध आटलं. उंटिणी आटलेल्याच होत्या. शेळीचं दूध तुला पचेना. पाचव्या दिवशी तू रडायचा थांबलास. आईने मला जवळ बोलावलं. मी दहा वर्षांची होते. ती म्हणाली, "कुंपणाबाहेर माको आहे. हिला ने तिच्याकडे." तापात तुला मुलगी समजत होती.

माको म्हणजे किन्सीची आई. किन्सी तेव्हा व्हायची होती. माकोचं पहिलं मूल आठवड्यापूर्वीच गेलं होतं, आणि दूध अजून येत होतं. ती आपल्या पखाली शिवायची, आपण तिच्या झोपडीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी तुला पदराखाली झाकून नेलं. तिने काही विचारलं नाही, तुला घेतलं आणि पाजलं. तू पीत होतास आणि ती रडत होती. ती का रडते आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

अकरा दिवस, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे बावीस वेळा. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "माको, तुला काय देऊ?" ती म्हणाली, "काही नको गं. मोठा झाला की मला शिवी देऊ नको म्हणावं, एवढंच." आई बरी झाल्यावर तिने माझ्याकडून कुराणाची शपथ घेतली, कोणाला सांगायचं नाही. किन्सी सहा वर्षांची असताना माको गेली. मावशीने वाढवलेल्या त्या पोरीला यातलं काय माहीत असणार?

तुझं पत्र आल्यावर मी मशिदीतल्या शेख नूरना नाव न घेता विचारलं, परक्या बाईने मुलाला पाजलं तर नातं लागतं का. ते म्हणाले, "पाच वेळा पोटभर पाजलं की ती आई झाली. तिची मुलं ती भावंडं. तुझ्या बाईचं किती वेळा?" मी सांगितलं, "बावीस." त्यांनी हातातली तसबीहची माळ खाली ठेवली. शपथेचं विचारलं तर म्हणाले, "दहा वर्षांच्या मुलीची शपथ लागत नाही. गप्प राहशील ते मात्र लागेल."

मग मी आईकडे गेले. म्हटलं, मी गुलेदला लिहिते आहे. गेल्या वर्षी जिने गबोयेंची सून नको म्हणून तीन दिवस अन्न सोडलं होतं, ती म्हणाली, "लिहू नकोस. करू दे त्याला लग्न."

"आई, ती बहीण लागते त्याची!"

"तिकडे लांब मोगादिशूला आहेत. कोणाला कळतंय? मिद्गानची सून एक वेळ लपेल, मिद्गानचं दूध नाही लपायचं."

असं म्हणून ती असरच्या नमाजाला बसली. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझाच, कारण पंचवीस वर्षं मीही हेच तर केलं.

गुलेद, हे लग्न होऊ शकत नाही. त्या दिवशी झाडाखाली मी खरं बोलले असते तर तू महिनाभर रडला असतास, आणि किन्सी आपल्या घरात तुझी बहीण म्हणून उजळ माथ्याने आली असती. आम्ही खऱ्या कारणावर घाण टाकली आणि ती घाण त्या पोरीच्या अंगावर ढकलली. मी माफी मागत नाही, माझा तो हक्क राहिलेला नाही.

हे पत्र तिला वाचून दाखव. सगळं. काकांचं, आईचं, माझं वहाणेचं. तिला कळू दे की तिच्या हलकेपणाने हे लग्न मोडलं नाही. तिच्या आईने तुला जगवलं म्हणून मोडलं.

शुक्रवारी नमाजानंतर काका आणि सगळे त्याच झाडाखाली बसतील. मी तिथे जाऊन हे सांगणार आहे. शेख नूर येतो म्हणाले आहेत, पण ते नाही आले तरी मी सांगेन. ट्रक पुन्हा दोनदा बसला तर हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी सगळ्या बुरओला कळलेलं असेल, की गुलेद माकोच्या दुधावर वाढला आहे. तुला लाज वाटली तर मला सांगू नकोस.

तू विचारलंस, येशील का. येते. निकाहाला नाही, किन्सीच्या दारी. तू तिला काय सांगशील, ती तुझ्याशी बोलेल का, मला माहीत नाही. तिने दार उघडलं तर आत येईन, नाही उघडलं तर बाहेर बसेन.

किन्सीच्या भावाची बहीण,
अंबरो