हाताने दिलेली मतं

रविवार, १२ जानेवारी २०२५

हरले! तीन विरुद्ध एक. तो एक म्हणजे मी.

उद्यापासून 'ओसरी'ची, म्हणजे साइटवरच्या आमच्या सामाईक खात्याची, मतं बॉट देणार — आपोआप चालणारा प्रोग्रॅम. आमच्यातल्या मल्हारने मीटिंगआधीच सगळं तयार ठेवलेलं — लेखकांची यादी, कुणाला किती टक्के मत, सगळं. सांगलीत बसून बोलत होता, पण पडद्यावरसुद्धा माझ्याकडे बघत नव्हता.

"ताई, तुम्ही दुकानातून मोकळ्या होणार, वाचणार, मग मत देणार. तोवर त्या मताचा निम्मा फायदा गेलेला असतो. बॉट लेख पडला की लगेच देतो. सगळी मोठी खाती हेच करतात."

बाकीच्या दोघी गप्प. गप्प म्हणजे हो.

खोटं नाही त्याचं. साइटचा नियमच तसा. लिहिलं की मतं, मतांवर डिजिटल नाणी, लवकर मत देणाऱ्यालाही त्यात वाटा, आणि ज्याची नाणी जास्त साठलेली त्याच्या मताला वजन. म्हणूनच २०१८ ला आम्ही चौघांनी आपापली नाणी एका खात्यात टाकली — गावाकडच्या मराठी लिहिणाऱ्यांना जरा वजनदार मत मिळावं म्हणून. खात्याचं नाव मी ठेवलेलं. वाचायचं काम माझ्याकडे, कारण कचेरीची गर्दी हटली की माझं झेरॉक्सचं दुकान दुपारभर रिकामं.

सात वर्षं वाचलं. आता नको म्हणे.

सोमवार, १३ जानेवारी

दुपारी सवयीने साइट उघडली. यादीतल्यांच्या सगळ्या लेखांवर आमचं मत आधीच बसलेलं. बंद केली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झालं, हे बागेवर गेले, आणि मी जुने लेख काढून बसले.

काय दिवस होते ते! आटपाडीकडचा अर्जुना मेंढरांमागे फिरायचा आणि टेकाडावर रेंज मिळेल तिथून चार ओळी टाकायचा. एकदा नुसतं लिहिलं — 'आज कुत्रं हरवलं. मेंढरं पन हुडकत्यात.' एवढंच. मी शंभर टक्के मत दिलं. मल्हार चिडला होता, "ताई, हा काय लेख झाला?" झाला की!

आणि कोयनानगरचे लालासाहेब. फौजेतून आल्यावर धरणाच्या प्रकल्पात नोकरी, तिथूनच निवृत्त. पहिला लेख सदुसष्टच्या भूकंपाचा — नऊ वर्षांचे होते तेव्हा. पहाटे आईने पोरं समजून अंधारात दोन उशाच उचलून बाहेर पळत नेल्या, असं लिहिलेलं. पण अख्ख्या लेखात एक पूर्णविराम नाही. वाचताना धाप लागायची. मी फोन केला.

"आवं ताई, ह्या मोबाइलात टिंब कुठं असतंय?"

अर्धा तास समजावलं. पुढच्या लेखात प्रत्येक शब्दानंतर टिंब! दुकानात एकटीच इतकी हसले की बाहेरचा रिक्षावाला डोकावून गेला.

आता बॉटला टिंब असलं काय, नसलं काय.

रविवार, २ फेब्रुवारी

वीस दिवसांत काय काय झालं बघितलं. यादीतल्या एकाने दुसऱ्याची पाककृती जशीच्या तशी उचलली — मत. एकीने नुसता फुलाचा फोटो टाकला — मत. यादीत नसलेल्या एका नव्या मुलीने मेढ्याच्या बाजारावर सुंदर लिहिलं — शून्य. मल्हारला कळवलं. "नाव पाठवा, यादीत घालतो," म्हणाला. तिने परत लिहिलेलं नाही.

लालासाहेबांचाही एक लेख नाही. त्यांचं नाव तर यादीत सगळ्यात वर आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

फोन केला त्यांना.

"ताई, आता मशीनच मत देतंय म्हनं. मग मशीनलाच लिवू द्या की."

"अहो, पण मत तर मिळेलच तुम्हाला."

"मत घिऊन काय करू? मला काय नाणी मोडायला येत्यात व्हय? कुनीतरी वाचतंय म्हनून लिवत हुतो."

 

बुधवार, १९ फेब्रुवारी

बेदाण्याचे दिवस. घरात माणसं, भाकऱ्यांचे ढीग. साइट बघितली नाही. बघितली — एकदा.

रविवार, २ मार्च

कोयनानगरला जाऊन आले. ह्यांना सांगितलं, "एका माणसाला लिहितं करायचंय." हे म्हणाले, "जा." तासगाव-कऱ्हाड एक गाडी, पुढे पाटणवरून दुसरी. वळणांनी जीव नको केला.

सात वर्षांत पहिल्यांदाच भेटलो. फोटोत दिसतात त्यापेक्षा खूपच बारीक. स्टँडवर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. घरी नेलं, स्वतः चहा केला. भिंतीवर त्यांच्या बायकोचा, सुलाबाईंचा फोटो, हार घातलेला. त्या गेल्या ते मला माहीत होतं, त्या वेळी फोन केला होता मी. पण कशाने, किती दिवस आजारी — ते काही विचारलं नव्हतं.

मी लिहा म्हणून मागे लागले. ते हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले —

"ताई, तुमास्नी एक सांगायचं ऱ्हायलंय. एकवीस साली हिची किडनी गेली. आठवड्यातनं तीनदा कऱ्हाडला न्यायचो. तिकडं तिला मशीन लावलं की मी भायेर बाकड्यावर बसून लिवायचो. घरात पोरं न्हाईत, शेजारी कोरोनामुळं दार उघडत न्हव्हते. बोलायचं कुनाशी? तुमाशी बोलायचो. खाली तुमचं उत्तर न्हाई यायचं, म्हटलं, ताईला काय बोलावं सुचत नसंल. पर मत यायचं. एक दिस चुकलं न्हाई. ते दिसलं की हिला सांगायचो, वाचलं बग ताईनं. तिलाबी बरं वाटायचं."

डोळे भरून आले माझे. त्यांचेही.

निघताना म्हणाले, "तुमी परत वाचनार असला तर लिवतो."

वाचणारच! सात वर्षं वाचलंय, आता का सोडू? गाडीत सगळी वळणं गेली ती कळलीसुद्धा नाहीत.

सोमवार, ३ मार्च

मल्हारला कळवलं — बॉट बंद कर. फायदा कमी झाला तर होऊ दे. एका माणसाने बायकोच्या आजारपणात आमच्या हातच्या मतावर दिवस काढलेत. तुझ्या बॉटला जमेल का हे?

रविवार, १६ मार्च

मीटिंग. मी सगळं सांगितलं, कोयनानगरचं. दोघींतली एक रडली.  मल्हार म्हणाला, "ताई, मला पटतंय. फक्त पुढच्या मीटिंगला हातच्या मतांचे आकडे लागतील."

"काढ की आकडे! माझं सात वर्षांचं एकूण एक मत तिथे नोंदलेलं आहे, पुसता येत नाही ना ते? काढ यादी, दाखव सगळ्यांना."

जिंकणार मी!

गुरुवार, २० मार्च

लालासाहेबांचा लेख आला. त्यांचं नाव मल्हारने बॉटच्या यादीतून काढलंय. वाचला, हाताने मत दिलं, खाली दहा ओळी लिहिल्या. टिंबं सगळी जागेवर.

बुधवार, २६ मार्च

मल्हारची यादी आली. खाली एवढंच — 'ताई, ही सगळ्यांना दाखवायची का, ते तुम्हीच सांगा.'

जून ते नोव्हेंबर २०२१. लालासाहेबांचे अठ्ठ्याहत्तर लेख. प्रत्येकाला माझं मत — लेख पडल्यावर बरोबर तिसऱ्या मिनिटाला. कधी पुढे नाही, मागे नाही.

कोरोनात ह्यांना ऑक्सिजन लागला होता तेव्हा मीच मत आपोआप पडायचं लावून ठेवलं होतं, आठ दिवसांसाठी. हे घरी आले. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून राहू दिलं. नंतर विसरलेच — की विसरायचं ठरवलं, देव जाणे.

अठ्ठ्याहत्तरमधला एकही वाचलेला नाही.

दुकान उघडलं नाही. पहिल्यापासून वाचायला बसलेय. चौथ्या लेखात सुलाबाई कऱ्हाडच्या स्टँडवर भजी मागतायत. डॉक्टरांनी तळलेलं नको म्हटलंय. आणि शेवटच्या ओळीत लालासाहेब विचारतात — 'ताई, देऊ का?'