वंदाचा कोरा गोल

मंगळवार, द्वारका

दादाची नजर का गेली, ते आज कळलं. एनडी४ जीनमध्ये बिघाड. पेशीला ऊर्जा देणाऱ्या श्वसनसाखळीतलं एक प्रोटीन त्यावरून बनतं, आणि हा जीन फक्त आईकडून येतो. डॉक्टरांनी कागदावर आमचं घराणं काढलं, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. अंध मामाचा चौकोन काळा, दादाचाही काळा. मामाची मुलगी वंदा, तिचा गोल कोरा.

दादासाठी वंदालाच करायची, हे लहानपणापासून ठरलेलं. आईनेच मोडलं. त्यांच्या घरातलं आंधळेपण आपल्या घरात कशाला आणायचं, म्हणाली होती.

घरी चहा घेताना आईने विचारलं, "म्हणजे वंदाला काहीच नाही?"

"बिल्कुल नाही."

"मग तिला फोन करून सांग. तिच्या मुलीला स्थळं बघताहेत. कुणी परत तेच काढायला नको."

करते म्हटलं. पण तो कोरा गोल काही डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्या गोलात डॉक्टरांनी ठिपका दिला होता, म्हणजे नजर शाबूत, पण दोष मुलांकडे जाणार. खाली माझ्या लेकीच्या, सईच्याही.

सईला स्थळ आलं की आम्ही काय सांगणार, हे आईने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.