आधीच टाइप केलेली ओळ

सोमवार, संध्याकाळ

कोर्टात साक्षी टाइप करते मी, म्हणून हे नाटक रोज बघते. गरीब आरोपीला सरकारकडून मिळालेले वकीलसाहेब साक्षीदाराला कधी काही विचारतच नाहीत. त्यामुळे 'उलटतपास नाही' ही ओळ मी आधीच टाइप करून ठेवते.

आज चोरीच्या खटल्यात साक्षीदाराचं सांगून झाल्यावर आरोपी, आष्ट्याचा गवंडी, पिंजऱ्यातून कळवळून म्हणाला, "आवं सायेब, चोराचं तोंड बांधलेलं हुतं म्हंतोय ह्यो. मग मला वळखलं कसं, इचारा की."

वकीलसाहेबांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "गप रं. काय विचारायचं नाही."

यांना वकील म्हणायचं? काळा कोट अडकवायला खुंटीही चालली असती.

आणि मी? त्या ओळीतलं अक्षरही बदलावं लागलं नाही. उद्याच्या साक्षीदाराखालीही ती टाइप करून आलेय.