तुम्ही दिलेली ट्रंक

तळवडे,
२ फेब्रुवारी १९५६

तीर्थस्वरूप लक्ष्मणमामा यांना ज्योतीरामचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता कसा आहे? माझी प्रकृती ठीक आहे, फक्त मान धरली आहे. सारखे मागे वळून पाहिल्यावर दुसरे काय होणार? त्याचीच हकीकत कळवतो.

दिवाळीनंतर डिप्टीसाहेब तपासणीला आले. माझ्या चौथीच्या सत्तावीस मुलांनी ‘माझी शाळा’ हा एकच निबंध सत्तावीस वेळा लिहिला होता (फळ्यावर मीच लिहून दिला होता, पण ते साहेबांना कशाला सांगा!). साहेबांनी फर्मावले, लाल शाईने खोडणे बंद. एकेकाला समोर बसवा, त्याचा निबंध त्याच्याकडूनच वाचून घ्या आणि ‘आणखी काय दिसलं?’ एवढेच विचारा. संक्रांतीनंतर पुन्हा येईन, लेखन सुधारले नसेल तर नोकरीत कायम व्हायचे विसरा. मग काय, बसलो. गावाला वाटले, मास्तर घरोघरच्या भानगडी काढून घेतोय. दौलतरावांनी तर नातवाबरोबर त्याच्या आजीलाच पाठवले. तिने निबंध ऐकून डोळे पुसले आणि मला चार वांगी दिली.

पहिली बसली अर्जुनरावांची विमल. ‘शाळेत फळा आहे’ येथवर वाचून थांबली. आणखी काय दिसलं, विचारले. माझ्या खांद्यावरून पाहत ती म्हणाली, “गुर्जी, तुमच्या मागं ट्रंकंवर बाई बसलीया.” मागे भिंत, आणि नोकरीला निघताना तुम्ही दिलेली पत्र्याची ट्रंक (तीत मी शाळेचे खडू ठेवतो). कोणी नव्हते. पण वाक्य चांगले होते, म्हणून लिहून घे म्हणालो. मास्तरकीची खोड, मामा! पुढच्या भिमाजीने त्या बाईला हिरवे लुगडे नेसवले, त्याच्या पुढच्याने डाव्या कानाची फाटकी पाळी दिली. पोरांनी संगनमत केले म्हणून मी बाकीच्यांना दूर पिंपळाखाली बसवले. तरी आत आलेला मुलगा आधीच्याने सोडले तिथूनच सुरू करी. “म्या वाचतुया तसं ती बोट फिरवतीया, गुर्जी. व्हट हालत्यात.” भाषा इतकी सुधारली की पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले. पण मी घाबरलो, मामा. भर दुपारी, लख्ख उन्हात घाबरलो.

परवा साहेब आले. मुलाच्या जागी बसून एक निबंध मोठ्याने वाचू लागले, मध्येच वर पाहिले आणि थांबले. पाणी मागितले. शेरेबुकात ‘विद्यार्थ्यांचे निरीक्षण अचूक’ असे लिहून चहा न घेता निघून गेले. मी कायम झालो, पण इथे राहवत नाही. बदलीचा अर्ज सोबत जोडला आहे, तो बोर्डातल्या तुमच्या ओळखीच्या कारकुनाला द्यावा.

आपला भाचा,
ज्योतीराम

ता. क. ती ट्रंक मुळात कोणाची? मामी एकदा आईची म्हणाल्या होत्या. ती गेली तेव्हा मी अकरा महिन्यांचा, मला तिचा चेहराही ठाऊक नाही. तुमची पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात म्हणून ती रडायची, हे तुम्हीच सांगितले होते. तिच्या कोणत्या कानाची पाळी फाटली होती, एवढे उलट टपाली कळवा.

आणखी एक. पत्र आठवडाभर टाकायचे राहिले, आणि आता अर्ज पाकिटातून काढून घेतला आहे. सोमवारपासून शाळा सुटली की ट्रंकेवर पाटी आणि नवी पेन्सिल ठेवून दाराला कुलूप लावतो. सकाळी पाटी कोरीच असते. पेन्सिल मात्र निम्मी झाली आहे.